वादळाची वाट आजूबाजूचे वारे ठरवतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या बातम्या येऊ लागतात. सोबत एक बाण काढलेला नकाशा असतो. दुसऱ्या दिवशी तो बाण सरकतो आणि मथळा येतो, ‘चक्रीवादळाने दिशा बदलली’. भीमेला पूर आला की घाटापाशी पाण्यात भोवरा पडतो, तो बारकाईने पाहावा. स्वतःभोवती तो जोरात गरगरतो, पण पुढे जातो तो प्रवाह नेईल तिकडे; प्रवाह पायऱ्यांना थटून वळला की भोवराही वळतो. ताशी दीडशे किलोमीटरचे वारे अंगात असलेले चक्रीवादळ बहुतेक वेळा ताशी दहा-वीस किलोमीटरनेच पुढे सरकते, ते यामुळेच. आपल्या नकाशांत भोवरा, म्हणजे वादळ असते; त्याला नेणारा प्रवाह, म्हणजे भोवतालचे वारे नसतात. तेही छापावेत म्हणून हे पत्र.

दोन तारखा पाहू. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. 13 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी काकीनाड्याजवळ एक अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र किनाऱ्यावर आले. दोन्ही गावांत अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, महिना तोच. हुदहुद उत्तरेला वळले, छत्तीसगड आणि उत्तर प्रदेश ओलांडून त्याचे ढग हिमालयाला भिडले आणि 14 ऑक्टोबरला नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरातल्या हिमवादळाने चाळीसहून अधिक माणसे गेली. 2020 चे क्षेत्र मात्र तेलंगण आणि उत्तर कर्नाटकावरून सरळ पश्चिमेला निघाले व 14 ऑक्टोबरला आपल्या सोलापूर जिल्ह्यावर आले. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले, भीमेला पूर आला, कापून ठेवलेले सोयाबीन रानातच भिजले.

फरक वरच्या हवेत होता. उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. त्यामुळे जास्त दाबाच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात, पश्चिम कडेला उत्तरेकडे वळतात आणि पट्ट्याच्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे पश्चिमी वारे असतात. 2020 मध्ये ते क्षेत्र या पट्ट्याच्या दक्षिण कडेला लागून पश्चिमेला वाहत आले. हुदहुदच्या वेळी पश्चिमी वाऱ्यांतली एक द्रोणी, म्हणजे त्या वाऱ्यांना पडलेला खोलगट बाक, खाली उतरली होती. तिने वादळाला उत्तरेला ओढले. याशिवाय पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम अक्षांशाप्रमाणे बदलतो, त्यामुळे वादळाला वायव्येकडे सेकंदाला एक-दोन मीटरचा हलका रेटा कायम असतो. भोवतालचे वारे जोरकस असले की तो जाणवत नाही. ते मंदावले की दिसू लागतो.

अटलांटिकमधल्या हरिकेनांना, म्हणजे तिथल्या चक्रीवादळांनाही हाच नियम. तिथे अझोर्स-बर्म्युडा बेटांच्या भागातला जास्त दाब त्यांना पश्चिमेला हाकतो, आणि तो कुठे संपतो यावर ते अमेरिकेला धडकणार की समुद्रातच ईशान्येला वळणार हे ठरते. 2012 मध्ये सँडी नेहमीसारखे समुद्रात निघून जायला हवे होते. उत्तर अटलांटिकवरच्या जास्त दाबाने ती वाट अडवली, पश्चिमेकडून आलेल्या द्रोणीने आत ओढले आणि ते डावीकडे वळून न्यू जर्सीवर आदळले. 2017 मध्ये हार्वीभोवतीचे वारे इतके मंद होते की ते टेक्सासपाशी दिवसेंदिवस रेंगाळले आणि काही ठिकाणी दीड हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडला. अंदाज चुकतो तेव्हा बहुधा या भोवतालच्या वाऱ्यांचाच अंदाज चुकलेला असतो. 2015 मध्ये वाकीन हे हरिकेन लवकरच उत्तरेला वळेल असे सुरुवातीचे अंदाज होते; उत्तरेकडच्या जास्त दाबाने ते नैऋत्येला ढकलत ठेवले आणि 1 ऑक्टोबरला त्यात सापडून एल फारो हे मालवाहू जहाज 33 जणांसह बुडाले.

म्हणूनच अमेरिकेचे एक जेट विमान वादळात न शिरता त्याच्या भोवतीने, बारा-तेरा किलोमीटर उंचीवरून फेरी मारते आणि ठिकठिकाणी फूट-सव्वा फूट लांबीची नळी खाली सोडते. छोट्या छत्रीवर ती दहा-पंधरा मिनिटांत समुद्रापर्यंत पोहोचते आणि वाटेत दाब, तापमान, आर्द्रता व वारा कळवत राहते. आपल्याकडे जमिनीवरची केंद्रे भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी उपकरण बांधलेले फुगे सोडतात. समुद्रावर मात्र अशी केंद्रे नाहीत, तिथे उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते.

हे वारे आता मोबाइलवरही दिसतात, पण पाहण्याची रीत चुकते. लोक जमिनीलगतचा वारा उघडतात. पूर्ण वाढलेल्या चक्रीवादळाला साधारण दीड ते बारा किलोमीटर उंचीपर्यंतचे वारे मिळून नेतात. एकच थर पाहायचा तर 500 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) दाबाचा, म्हणजे सुमारे साडेपाच-पावणेसहा किलोमीटर उंचीवरचा घ्यावा. साधा कमी दाब उंच नसतो, त्याला खालचे वारे नेतात. त्यासाठी 850 आणि 700 हेक्टोपास्कलचे, म्हणजे सुमारे दीड आणि तीन किलोमीटर उंचीवरचे थर पाहावेत. इथेच अनेकांची गल्लत होते. दुसरे, केंद्राजवळचे वारे सोडून द्यावेत, ते भोवऱ्याचे स्वतःचे असतात. केंद्रापासून पाचशे ते आठशे किलोमीटरवरचे वारे पाहावेत. केंद्राच्या उत्तरेला, नागपूर-रायपूरच्या बाजूला, पूर्वेचे वारे सलग असतील तर तेलंगणमार्गे सोलापूरची वाट मोकळी आहे. राजस्थान-गुजरातवर पश्चिमी वाऱ्यांचा बाक खाली येत असेल तर वादळ उत्तरेला वळण्याची शक्यता वाढते. मात्र तो बाक सहा-आठ तास उशिरा आला तरी जिल्हा बदलतो. दोन जास्त दाबांच्या मधल्या खिंडीत सापडले तर ते रेंगाळते. 2023 मध्ये बिपरजॉय हे चक्रीवादळ अशाच ओढाताणीत अरबी समुद्रात दहा दिवस घुटमळले आणि 15 जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर आले. कमी दाब अजून नीट आकाराला यायचा असेल तर कोणत्याही रेषेवर विसंबू नये. केंद्रच शंभर किलोमीटर इकडेतिकडे धरले गेले तर पुढचे सगळे गणित फसते.

आपल्याला विनंती अशी. हवामान विभाग मार्गाच्या रेषेसोबत अनिश्चिततेचा शंकू देतो, तो कापून नुसता बाण छापू नये. शंकू म्हणजे केंद्र कुठवर भरकटू शकते त्याची हद्द. पावसाचा पट्टा त्याच्या बाहेरही जातो, हे खाली एका ओळीत लिहावे. पत्रक किती वाजताचे आहे तेही द्यावे, कारण वादळाच्या काळात दर तीन तासांनी नवे निघते आणि सकाळी वाचकाच्या हाती आदल्या संध्याकाळचे असते. आणि शेजारी दोन कॉलमांचा 500 हेक्टोपास्कलचा नकाशा द्यावा, जास्त दाब आणि द्रोणी मराठीत लिहून. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत द्राक्षाची छाटणी, सोयाबीनची मळणी आणि ज्वारीची पेर एकत्र येतात. छाटणी चार दिवस पुढे ढकलावी का, रानातली गंज झाकावी की आजच मळणी उरकावी, हे ज्याला ठरवायचे आहे त्याला बाणापेक्षा हा नकाशा जास्त उपयोगी पडेल.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, सोलापूर