नावे ठाऊक नसलेल्यांचे आभार

हाक मारली तरी वळून न पाहणे, बोटाने वस्तू न दाखवणे आणि बोलण्यातला उशीर यांमुळे बालरोगतज्ज्ञांनी आमच्या अडीच वर्षांच्या मुलाची ऑटिझमसाठी तपासणी सुचवली असून, सविस्तर मूल्यमापनाची तारीख अजून मिळायची आहे. या अधांतरी काळात ज्यांनी सांभाळून घेतले, त्यांचे जाहीर आभार.

ऐकू न येण्याची शक्यता आधी वगळावी लागते, आणि त्यासाठीची बेरा तपासणी लहान मुले झोपलेली असताना करतात. आमचे चिरंजीव काही केल्या झोपेनात, तेव्हा जेवणाची सुट्टी सोडून, खोलीतला दिवा मालवून शांतपणे थांबलेल्या तंत्रज्ञ ताईंचे आम्ही ऋणी आहोत. निदानाच्या कागदाची वाट न पाहता वाचा-उपचार सुरू करता येतात, हे रांगेत शेजारी बसलेल्या एका आईने सांगितले. आजवर मिळालेल्या सल्ल्यांत हाच सर्वांत उपयोगी ठरला.

मुठेच्या नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालू असताना, कानांवर हात दाबून किंचाळणाऱ्या मुलाला पाहून टिपरू खाली ठेवणाऱ्या आणि आम्ही लांब जाईपर्यंत अख्ख्या पथकाला थोपवून धरणाऱ्या दादांना मनापासून धन्यवाद. गणपतीच्या तोंडावर पुण्यात हे सोपे नसते.

स्वारगेटच्या बसमध्ये "लाड कमी करा" असे ऐकवणारेही भेटले. त्यांच्याविषयी एवढेच पुरे. त्याच बसमध्ये काही न विचारता खिडकीची जागा सोडणाऱ्या आजींची निळी छत्री गडबडीत तिथेच राहिली. ती आम्ही जपून ठेवली आहे. त्यांनी हक्काने मागून घ्यावी.