पावलांचा हिशेब

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

४०० मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, अमेरिकेच्या सिडनी मॅक्लॉफ्लिनसारखी दोन हर्डल्समध्ये १४ पावलं टाकायची असं तू ठरवलंयस. आधी हिशेब बघ. पहिला हर्डल ४५ मीटरवर, पुढचे नऊ दर ३५ मीटरवर, शेवटचे ४० मीटर मोकळे. त्या ३५ मीटरपैकी तीनेक मीटर उडी आणि उतरण्यातच जातात. उरलेले ३२ मीटर तुझ्या आताच्या १७ पावलांत कापायचे तर एक पाऊल १.८८ मीटरचं, १५ पावलांत २.१३ आणि १४ पावलांत २.२९. म्हणजे आजच्यापेक्षा तुझं प्रत्येक पाऊल ४० सेंटिमीटरने लांब हवं. ओढूनताणून ते लांब केलंस की पाय शरीराच्या फार पुढे पडतो, दर पावलाला वेगाला ब्रेक बसतो आणि मांडीमागचा स्नायू धरतो.

याच शर्यतीतल्या अमेरिकेच्या एडविन मोझेसचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट. सहा फूट दोन इंच उंचीचा, अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा हा मुलगा; कॉलेजला स्वतःचा ट्रॅकही नव्हता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये त्याने ४७.६४ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि दुसऱ्या क्रमांकाला सेकंदाहून जास्त मागे टाकलं. त्याची खरी करामत १३ पावलं टाकण्यात नव्हती, ती दहाव्या हर्डलपर्यंत टिकवण्यात होती. बाकीचे अर्ध्या शर्यतीनंतर दमून पावलं वाढवायचे, त्याची लय तीच राहायची. १९७७ ते १९८७ तो सलग १२२ शर्यती हरला नाही. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याने दुसरं सुवर्ण घेतलं. तिथेच आपली पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत धावली आणि तिचं ब्राँझ एक शतांश सेकंदाने हुकलं. या शर्यतीत अर्ध्या पावलाची चूकही किती महाग पडते, ते यावरून कळेल.

आता तुझ्या कामाचा मुद्दा. पावलं विषम असली (१३, १५, १७) की दर वेळी तोच पाय पुढे येतो. सम झाली की पाय बदलतो. तू डाव्या लीड लेगने (हर्डलवरून आधी जाणाऱ्या पायाने) जातेस, ते वळणावर उत्तमच: आतली रेघ धरून धावता येतं आणि मागचा पाय हर्डलच्या बाहेरून खाली पडून बाद व्हायची भीती कमी. पण सहाव्या हर्डलपाशी दम लागला की १७ पुरत नाहीत. १८ टाकलीस तर उजवा पाय पुढे येतो, तो तयार नाही, म्हणून तू शेवटची पावलं चिरून १९ करतेस. तुझा वेळ जातो तो तिथे.

सिडनीला दोन्ही पाय सारखेच चालतात, म्हणूनच तिला १४ परवडतात. २०२१ ला टोकियोत दहाव्या हर्डलपर्यंत अमेरिकेचीच डालिला मुहम्मद पुढे होती. सिडनीने तिला शेवटच्या मोकळ्या टप्प्यात गाठलं, ५१.४६ सेकंद विरुद्ध ५१.५८. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये ५०.३७. डालिलाची धाव मुद्दाम बघ. ती १५ पावलांवर भर देणारी, २०१६ ची ऑलिम्पिक विजेती, आणि माझ्या मते शिकणाऱ्या मुलीने आधी तिच्याकडेच बघावं.

तेव्हा या हंगामात १४ चा विचार नको. आठवड्यातून दोनदा, दम लागायच्या आत, पाच बुटके हर्डल जवळजवळ लाव आणि फक्त उजव्या लीड लेगने जा. आधी चालत, मग संथ धावत. ते सहज जमू लागलं की पूर्ण उंचीचे तीन हर्डल ३५ मीटरवर लावून १८ पावलांनी जा, म्हणजे पाय आपोआप बदलेल. पाऊल पडतं तिथे मैत्रिणीला खडूने खूण करायला सांग. उडीची खूण हर्डलच्या दीड मीटरच्या आत आली तर तू फार जवळ गेलीस. मग वर उडावं लागतं आणि उतरताना वेग मरतो.

पूर्ण शर्यतीत लीड लेग जमिनीला टेकताच दर हर्डलला घड्याळ दाबून घे. दोन हर्डल्समधला वेळ कुठे एकदम वाढतो ते आकडे पाठव. त्यावरून १७ वरून १८ वर कुठल्या हर्डलला जायचं ते आधीच ठरवू, म्हणजे दमल्यावर ठरवायची वेळ येणार नाही.

तुझी,
आई