अर्धायुकाल फाशांनी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की कोल्हापुरातल्या शाळांमधून थर्माकोलच्या अणुभट्ट्या उभ्या राहतात. शीतमनोऱ्यावर कापूस चिकटवून 'धूर' दाखवतात. खरं तर तिथून निघते ती पाण्याची वाफ. हे एका वाक्यात सुधारता येतं. अर्धायुकालाचा, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाचा, गोंधळ मात्र दहावी झाली तरी सुटत नाही. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवस, हे पाठ असतं. १६ दिवसांनी किती उरेल? 'काहीच नाही,' असं बेधडक उत्तर येतं. उरतं पाव.

यावर उपाय स्वस्त आहे. महाद्वार रोडवर मिळणारे लुडोचे १०० फासे घ्या, दहा गटांना दहा-दहा द्या. सगळ्यांनी एकदम टाकायचे, सहा पडलेले फासे म्हणजे बदललेले अणू, ते वेगळ्या डबीत ठेवायचे, उरलेले मोजून फळ्यावर बेरीज मांडायची आणि उरलेलेच पुन्हा टाकायचे. साधारण ८३, ६९, ५८, ४८ असे आकडे येतात, म्हणजे अर्धायुकाल पावणेचार फेकींच्या आसपास. कोणता फासा जाईल हे सांगता येत नाही, पण शंभरातले किती जातील हे सांगता येतं; किरणोत्सारितेचं मर्म तेच.

एकेका गटाने आपल्या दहाच फाशांचा आलेख काढू नये, तो वेडावाकडा येतो आणि मुलं नियमच चुकला असं समजतात. शेवटचे पाच-सात फासेही आलेखात धरू नयेत. दप्तराला टेकून तिरपा राहिलेला फासा पुन्हा टाकावा. आणि डबीतले फासे मुलांसमोरच राहू द्यावेत: अणू नाहीसा होत नाही, आयोडीनचा झेनॉन होतो.

फासे नसतील तर फोडलेले चिंचोके चालतात. मात्र एक बाजू फुगीर असल्यामुळे ते निम्मे-निम्मे पडतीलच असं नाही. म्हणून 'एक फेक म्हणजे एक अर्धायुकाल' असं आधीच सांगून टाकू नये, आलेखावरूनच काढू द्यावा.

मग जीवाश्म इंधनाचा प्रश्न घालावा. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून जुन्या अवशेषांचं वय काढतात; त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. दहा अर्धायुकालांत, म्हणजे ५७,३०० वर्षांत, १,०२४ वा भाग उरतो. चंद्रपूरचा दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. त्याचं वय कार्बन-१४ ने का काढता येत नाही, हे फासे टाकलेली मुलं स्वतःच सांगतील.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी शाळांनी यासाठी दोन तासिका जोडून द्याव्यात. एका तासिकेत आलेख पुरा होत नाही.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर