गोळी कशी घ्यायची, हेही सांगा

नोकरदार महिला आरोग्याचे सल्ले मोबाइलवर शोधतात, हा आपल्या पुरवणीतील लेखाचा मुद्दा पटला; त्यासाठी त्यांना दिलेला दोष पटला नाही. आशाताई घरी येतात किंवा सरकारी दवाखान्याची ओपीडी चालू असते, तेव्हा या बायका कामावर असतात. मग उरतो लोकलमधला मोबाइल आणि त्यातले रक्तवाढीचे बीट-खजुराचे सल्ले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणे) होता. तो नुसत्या बिटाने भरून निघत नाही, लोहाची गोळी लागते. पण ती चहाबरोबर घेतली, तर चहातील टॅनिन या घटकामुळे लोह नीट शोषले जात नाही. मध्ये किमान तासभर जावा. लिंबूपाण्यासोबत घेतलेली उत्तम. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळे झाले की घाबरून अनेकजणी गोळी सोडतात. हा लोहाचाच परिणाम आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही शरीरातील साठा भरायला डॉक्टर गोळ्या दोन-तीन महिने चालू ठेवतात. एवढा मजकूर ठळक मराठीत गोळ्यांच्या पाकिटावर छापावा आणि प्रत्येक कारखान्यात, कार्यालयात महिलांच्या प्रसाधनगृहात लावावा.

– एक वाचक, कल्याण