दुय्यम चित्रपटांतलं अव्वल संगीत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला हॉलिवूडच्या संगीतपटांवरचा लेख आवडला. मात्र स्टुडिओंच्या जमान्यातल्या कमी खर्चाच्या विनोदी संगीतपटांना लेखकाने ‘भरताड’ म्हणून एका ओळीत निकालात काढलं, ते अजिबात पटलं नाही. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवला. आम्हा वादकांसाठी हे चित्रपट म्हणजे खजिना आहे.

कोलंबिया स्टुडिओचा 1943 चा ‘रेव्हिली विथ बेव्हर्ली’ घ्या. गोष्ट चिमूटभरच. रेडिओ स्टेशनवरची मुलगी (अॅन मिलर) भल्या पहाटे छावणीतल्या सैनिकांसाठी रेकॉर्ड लावते आणि ते कलाकार पडद्यावर अवतरतात. जॅझ वाद्यवृंदांचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी, मिल्स ब्रदर्स हा गायकांचा गट आणि टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद नुकताच सोडून आलेला तरुण गायक फ्रँक सिनात्रा! एवढी मंडळी एका चित्रपटात जमली, ती कमी पैशांत.

तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. अशा दुहेरी खेळातल्या दुसऱ्या, दुय्यम चित्रपटाला थिएटरवाले बहुधा ठरावीक भाडं देत. मिळकत आधीच ठरलेली, त्यामुळे निर्माता हात आखडून खर्च करी. भव्य सेट आणि लांबलचक तालमी परवडत नसत. मग नावाजलेला वाद्यवृंद आणायचा आणि त्याला त्याचं वाजवू द्यायचं. कथा खोळंबते, हे मान्य. पण ब्रासची, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची, फळी उठते तेव्हा कथा कोणाला हवी असते?

आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ग्रामोफोन रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती. एलिंग्टन ज्या व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवत, तिच्याशी तडजोड व्हायला 1944 ची अखेर उजाडली. बेटी रोशे ही त्यांची गायिका नेमकी त्याच काळातली. रेकॉर्डिंग स्टुडिओत तिचा आवाज ध्वनिमुद्रित व्हायला वावच नव्हता. ‘रेव्हिली विथ बेव्हर्ली’ या ‘भरताड’ चित्रपटात मात्र ती रेल्वेच्या डब्यात ‘टेक द ए ट्रेन’ गाते, सोबत अख्खा वाद्यवृंद. वादकांची बोटं, फुंकर, एकमेकांना केलेल्या खुणा, सगळं दिसतं. मी हा भाग शिकणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो.

या चित्रपटांवर आपण स्वतंत्र लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती. त्यात नट-नट्यांबरोबर वादकांची आणि गायिकांचीही नावं छापा.

आपला,
एक निवृत्त ट्रम्पेटवादक