व्याजदर ठरवताना छोट्यांचेही ऐका

व्याजदर ठरवणाऱ्यांनी उद्योजकांना, कामगारांना प्रत्यक्ष भेटायलाच हवे. अधिकृत आकडेवारी हाती येईपर्यंत कित्येक आठवडे उलटतात. मागणी घटल्याचे कारखानदाराला मात्र लगेच जाणवते. अमेरिकेत व्याजदर ठरवणाऱ्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या १२ प्रादेशिक बँका अशा गाठीभेटींतून माहिती गोळा करतात. ती ‘बेज बुक’ या अहवालातून वर्षाला ८ वेळा प्रसिद्ध होते आणि कोणालाही वाचता येते, हे मला फार मोलाचे वाटते. ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडचे प्रतिनिधीही प्रांतोप्रांतीच्या कंपन्यांना भेटतात. पण अशा बैठकांत बड्या कंपन्याच बोलल्या, तर उधारीवर माल उचलणारा व्यावसायिक आणि घरकर्जाचा हप्ता भरणारे कुटुंब यांचे म्हणणे राहूनच जाते. त्यांनाही बोलवा. त्यांच्या सांगण्यातले निर्णयात काय उतरले, तेही जाहीर करा.

– एक वाचक