रविवारची आमराई सहल आणि व्हेगन पिझ्झा – सगळ्यांनी वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेआठला सांगलीच्या आमराईत भेटायचंय, मेन गेटपाशी. ऊन चढायच्या आत झाडं बघत एक चक्कर, मग सावलीत बसून खाणं.

यावेळी पिझ्झा पूर्ण व्हेगन, म्हणजे चीज, बटर, दही, तूप, मध काहीच नाही. विकतचा बेस घेणार असाल तर पाकिटावर दूध पावडर आहे का ते बघाच, बऱ्याच बेसमध्ये असते. पण घरी करणं खरंच सोपंय, 2 वाट्या कणीक, 1 चमचा ड्राय यीस्ट, चिमूटभर साखर, मीठ, 2 चमचे तेल घालून कोमट पाण्यात मऊ मळायचं आणि फुगेपर्यंत तासभर झाकून ठेवायचं. ओव्हन नसला तरी चालतं, जाड तव्यावर एक बाजू भाजून उलटायचं, भाजलेल्या बाजूवर टॉपिंग घालून झाकण ठेवायचं, गॅस एकदम बारीक.

चीजऐवजी अर्धी वाटी काजू 4 तास भिजवून लसूण, लिंबू, मीठ घालून वाटा, फार भारी लागतं! भाज्या आत्ता मंडईत ताज्या मिळतायत त्याच घ्या, कोवळा मटार, गाजर, पालक, कांद्याची पात. पालक शेवटीच घाला नाहीतर पाणी सुटतं.

- पिझ्झा घरूनच भाजून आणा, बागेत शेगडी पेटवायची नाही.
- ताट, पाण्याची बाटली आपापली. प्लास्टिक नको.
- काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा प्लीज, वेगळा डबा करू.
- फुलं, कैऱ्या तोडायच्या नाहीत, पोरांनाही सांगून ठेवा.

किती जण येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका.